श्पिट्सवेगच्या 'गरीब कवी'ची अभ्यासप्रत : गडद भाग चिकट का राहतो आहे?

अर्धी_खिडकी

कार्ल श्पिट्सवेगचे 'गरीब कवी' (१८३९) तैलरंगात अभ्यासप्रत म्हणून करायला घेतले आहे. माळ्यावरची खोली, जमिनीवर अंथरलेली गादी, गळक्या छताखाली उघडी धरलेली छत्री आणि रात्रटोपी घालून पडलेला कवी, तेच ते. जर्मन प्रसंगचित्रांत सर्वांत जास्त छापले गेलेले हेच असावे. साहित्य आणि सध्याची अवस्था अशी :

कॅनव्हास तयार सुती, १४ × १८ इंच. त्यावर बाजारातल्या अ‍ॅक्रिलिक जेसोचा (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचा) पाणी घालून आणखी एक हात.

रंग : टायटेनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, आयव्हरी ब्लॅक, प्रशियन ब्लू. शिवाय 'अस्फाल्टम' असे लिहिलेली एक ट्यूब, कारण जुने म्युनिकवाले तोच वापरत असे वाचले होते.

माध्यम : जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन निम्मे-निम्मे, सगळ्या थरांना तेच.

आधी गडद भाग जाडसर भरून घेतला (अंबर, ब्लॅक आणि अस्फाल्टम). तीन आठवडे झाले तरी तिथे बोट चिकटते आणि दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या आल्या आहेत. उलट भिंतीचा उजेडातला भाग खडूसारखा मट्ट पडला आहे.

प्रश्न : हे वाचवता येईल का? मूळ चित्रातला तो ऊबदार तपकिरी रंग नेमका कशाने येतो? नेटवर या चित्राच्या पाच प्रतिमा पाहिल्या तर पाच वेगळे तपकिरी दिसतात, मग विश्वास कुठल्या प्रतिमेवर ठेवायचा? आणि मुळात सुरुवातीला हे चित्र घेणे बरोबर आहे, की एकोणिसाव्या शतकातल्याच लाइबल किंवा मेंत्सेल या जर्मन चित्रकारांपैकी कुणी घ्यावा?

---

जवसतेल

वाचवत बसू नका, खरवडा. रंग अजून ओला आहे हे तुमचे नशीब. पॅलेट नाइफ आडवी धरून गडद भाग काढा, मग टर्पेंटाइनच्या फडक्याने जेसोपर्यंत पुसा. जेसोवर तपकिरी डाग राहील, तो राहू द्या, पुढे उपयोगीच पडेल. सुरकुतलेल्या थरावर दुसरा थर चढवलात तर वरचा आधी वाळेल, खालचा आत हलत राहील आणि वर्षा-दोन वर्षांत मगरीच्या पाठीसारखे तडे पडतील.

असे का झाले? तेलाचा रंग पाण्याच्या रंगासारखा सुकत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन तो घट्ट होतो आणि हे वरून खाली होत जाते. थर जाड आणि तेल जास्त असले की वर साय धरते, आतले तेल ओलेच राहते. घट्ट होताना ती साय पसरते आणि जागा नसल्यामुळे दुमडते. तुम्ही पहिल्याच थराला निम्मे तेल दिले. शिवाय आयव्हरी ब्लॅक हा मुळात तेलकट आणि अत्यंत हळू वाळणारा रंग आहे, तो तळाच्या थरात जाडसर नकोच. अंबरमध्ये मँगॅनीज असते, त्यामुळे तो लवकर वाळतो. दोन्ही एकत्र आले की कुठे घट्ट, कुठे ओले अशी वाकळ तयार होते.

मट्टपणाचे कारण याच्या अगदी उलट. पाणी घालून पातळ केलेला जेसो टीपकागदासारखा असतो, तो रंगातले तेल ओढून घेतो. कॅनव्हासच्या कोपऱ्यावर जवसाच्या तेलाचा एक थेंब टाकून पाहा. तासाभरात जिरला तर पृष्ठभाग फार शोषतो आहे असे समजा. उपाय म्हणजे खरवडून झाल्यावर ३२० नंबरच्या पॉलिशपेपरने हलके घासा आणि पांढऱ्या तैलरंगाचा, किंवा अल्किड प्राइमर मिळाला तर त्याचा, एक अगदी पातळ थर पॅलेट नाइफने ओढून आठवडाभर वाळू द्या.

मग नव्याने, या क्रमाने :

१. रॉ अंबर आणि थोडा ऑकर फक्त टर्पेंटाइनमध्ये कालवून सगळ्या कॅनव्हासवर फासा आणि फडक्याने पुसून काढा. भिजलेल्या गोणपाटाइतका गडद टोन पुरे. दोन दिवस वाळवा.

२. मूळ चित्र ३६.२ × ४४.६ सेंमी आहे. तुमचा कॅनव्हास ३५.६ × ४५.७, म्हणजे उंचीला किंचित कमी आणि रुंदीला जास्त. उंची जुळवली की रुंदी सुमारे ४३.८ सेंमी येते, म्हणजे बाजूला जवळजवळ दोन सेंमीची पट्टी उरेल. ती चिकटपट्टीने झाकून टाका. चित्र ताणून बसवू नका, नाहीतर छत्री लंबगोल होते आणि सगळे बिनसते. मूळ मापाला ४ सेंमीची चौकट आडवी ११ आणि उभी ९ बसते.

३. रेखाटन पातळ अंबरने. पेन्सिलीच्या रेषा पुढे वर्षानुवर्षे पातळ रंगातून वर दिसू लागतात.

४. अंबर आणि पांढरा, एवढ्या दोनच रंगांत सबंध चित्र. पाच टोन (उजेड-काळोखाच्या पायऱ्या) ठरवा, सहावा करू नका. इथेही तेल नाही, फक्त टर्पेंटाइन. आठवडाभर वाळवा.

५. मग रंग. स्टँड ऑइल (तापवून घट्ट केलेले जवसाचे तेल) १ भाग, टर्पेंटाइन ३ भाग. उजेडातला रंग अपारदर्शक आणि जरा भरदार, सावलीतला पातळ. तुम्ही नेमके उलट केले होते.

६. शेवटी सावलीवर पारदर्शक लेप : स्टँड ऑइल १, टर्पेंटाइन २. लेप द्यायचा म्हणजे लावून लगेच मऊ कोरड्या ब्रशने किंवा तळहाताने जवळजवळ पुसून काढायचा.

दर थराला तेल वाढत जावे, कमी कधीच नाही, एवढे सांभाळले तर निम्मे अपघात टळतात.

---

राळ_आणि_रोगण

जवसतेल यांच्याशी सहमत. अस्फाल्टमबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण त्या ट्यूबनेच घोळ घातला असण्याची शक्यता मोठी आहे.

अस्फाल्टम म्हणजे खरे डांबर. तेलात आणि टर्पेंटाइनमध्ये विरघळते, पातळ लावले की मधासारखा सोनेरी तपकिरी देते, म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्याच्या उत्तरार्धापर्यंत युरोपभर चित्रकार त्यावर फिदा होते. पण ते कधीच पुरते वाळत नाही आणि शेजारच्या तेलालाही वाळू देत नाही. उन्हाळ्यात मऊ पडते, सरकते, काळे होते. त्या काळातल्या बऱ्याच चित्रांत सावल्यांच्या जागी रुंद, कडा गोलसर झालेल्या, दरीसारख्या भेगा दिसतात, त्या याच्या. वयोमानाने येणारे तडे बारीक आणि धारदार असतात, हे तसे नसतात. फरक एकदा ओळखू आला की संग्रहालयात चुकत नाही.

ट्यूबच्या मागचा रंगद्रव्याचा कोड वाचा. एनबीके ६ असेल तर ते खरे बिटुमेन, बाजूला ठेवा. पीआर १०१ आणि पीबीके ९ असे असेल तर ती पारदर्शक लाल ऑक्साइड आणि आयव्हरी ब्लॅकची मिसळ आहे, फक्त नाव जुने. ती शेवटच्या पातळ लेपात चालेल. स्वतः करायचे असेल तर बर्न्ट सिएना २ भाग आणि अल्ट्रामरीन १ भाग. थंड हवे तिथे निळा वाढवा. तुमच्या यादीत अल्ट्रामरीन नाही, तो आणाच. प्रशियन ब्लू या कामाला फार जहाल आहे, टाचणीच्या डोक्याएवढा जास्त पडला तरी सगळी सावली हिरवट होते.

१८३९ च्या म्युनिकमध्ये काय मिळत होते याचाही अंदाज ठेवा. शिशाचा पांढरा, ऑकर, सिएना, अंबर, व्हर्मिलियन, क्रोम यलो, प्रशियन ब्लू, कोबाल्ट ब्लू आणि १८२८ नंतरचा कृत्रिम अल्ट्रामरीन. टायटेनियम व्हाइट विसाव्या शतकातला. व्हिरिडियनची कृती १८५९ ची, तेव्हा या चित्राचे हिरवे त्याने करू नका. प्रशियन ब्लू आणि ऑकर मिसळून अधिक जवळ जाल.

शिशाचा पांढरा विषारी, तो घरी आणण्याची गरज नाही. पण टायटेनियम त्याच्यापेक्षा थंड आणि दांडगा आहे हे ध्यानात ठेवून प्रत्येक मिश्रणात निम्म्यानेच सुरू करा आणि त्यात ऑकरचा कण टाका. झिंक व्हाइटचा थर मात्र टाळा. तो कालांतराने ठिसूळ होऊन पापुद्रे सुटतात.

आणखी एक. श्पिट्सवेग शिकलेला औषधनिर्माता होता, चित्रकला स्वतःची स्वतः शिकला. त्यामुळे 'त्याच्याकडे रंगांचे गुपित होते' अशी वाक्ये खूप वाचायला मिळतील. त्यांच्या नादाला लागून अंड्याचा बलक, मेण, राळ वगैरे माध्यमात कालवू नका. या चित्राला मातीचे चार रंग आणि एक निळा पुरतो.

---

टाचणी

रंगाचे झाले, आता चित्र वाचा. प्रत करणाऱ्यांची खरी फजिती इथे होते : छत्री आणि टोपी छान उतरतात, बाकीचा पसारा 'काहीतरी सामान' म्हणून भरला जातो. श्पिट्सवेगच्या चित्रात 'काहीतरी सामान' नसते.

डावीकडे शेगडी. तिच्या धुरांड्याच्या नळीवर उंच हॅट टांगलेली. नळी तापलेली असती तर कुणी हॅट तिथे ठेवली नसती, म्हणजे शेगडी थंड आहे. तिच्या तोंडाशी कागदांचे भारे, आणि एका भाऱ्यावर लॅटिनमध्ये 'माझ्या कृतींचा तिसरा गठ्ठा' अशा अर्थाचा मजकूर. पहिले दोन कुठे गेले ते पाहणाऱ्याने ओळखायचे. खिडकीबाहेर बर्फाची छपरे, म्हणजे थंडी किती ते कळते. कवीच्या तोंडात लेखणी, गुडघ्यावर कागद, भिंतीवर वृत्ताची मात्रांची मांडणी खरडलेली. उजव्या हाताची बोटे चिमटीत. ती मात्रा मोजतात की पिसू चिरडतात यावर आजही वाद आहे, आणि हा वाद राहावा असेच ते बोट रंगवले आहे. तुमच्या प्रतीत ती चिमूट स्पष्टपणे एकाच अर्थाची झाली तर विनोद गेला म्हणून समजा.

म्हणून कामाचा क्रम सुचवतो. पाच टोनांचा थर झाला की प्रथम शेगडी-हॅट-कागद हा गट पुरा करा, मग खिडकी, मग छत्री, आणि कवी सर्वांत शेवटी. कवीपासून सुरुवात केली की तो एकटाच चमकतो आणि खोली पडद्यासारखी मागे लोंबते. हॅटसाठी काळा वापरू नका, सिएना-अल्ट्रामरीनची मिसळ वापरा. शुद्ध काळ्याने तिथे भोक पडल्यासारखे दिसते.

भिंतीवरची अक्षरे रंगाने लिहू नका. ओल्या पातळ थरात ब्रशच्या दांड्याच्या टोकाने किंवा बोथट काडीने ओढा. लिहिलेली अक्षरे भिंतीसमोर तरंगतात, ओढलेली भिंतीत राहतात.

थोडे इतिहासातले, कारण त्याचा मापाशी संबंध आहे. म्युनिकचा कुन्स्टफेराइन, म्हणजे सभासदांची कलासंस्था, १८२३ साली निघाली. अशा संस्था वर्गणीतून चित्रे विकत घेत आणि सभासदांत सोडत काढून वाटत. चित्र राजवाड्यात नाही तर दिवाणखान्यात लागायचे, म्हणून ते लहान, एका हाताच्या अंतरावरून बघायचे आणि तपशिलाने भरलेले. गंमत अशी की 'गरीब कवी' १८३९ मध्ये तिथे मांडले तेव्हा कुणाला फारसे रुचले नाही, थट्टा कवितेची आहे असे वाटले. त्यानंतर श्पिट्सवेग पूर्ण नावाऐवजी बहुधा चौकटीतला 'एस' काढू लागला. ती चौकट म्हणजे टोकदार पाव, त्याच्या आडनावावरचा श्लेष.

---

अर्धी_खिडकी

खरवडले. ट्यूबवर पीआर १०१ आणि पीबीके ९ आहे, म्हणजे डांबर नव्हे, दोष माझ्या तेलाचा आणि जाडीचा. हॅटचा मुद्दा लक्षातच आला नव्हता. प्रतिमांचे काय करायचे ते राहिले. आणि दुसऱ्या चित्रांबद्दल?

---

लोलक

प्रतिमा : चित्र ज्या संग्रहालयाचे त्याच्याच संकेतस्थळावरची घ्या. हे म्युनिकच्या नॉये पिनाकोथेकचे. ती इमारत २०१८ अखेरपासून नूतनीकरणासाठी बंद आहे आणि निवडक चित्रे शेजारच्या आल्टे पिनाकोथेकमध्ये वगैरे लावतात, त्यामुळे कुणी म्युनिकला जाणार असेल तर हे चित्र सध्या भिंतीवर आहे का ते आधी विचारावे. बर्लिनमध्ये याची आणखी एक आवृत्ती होती. ती १९८९ मध्ये शार्लोटेनबुर्ग राजवाड्यातून चोरीला गेली आणि अजून सापडलेली नाही. नेटवर फिरणाऱ्या काही प्रतिमा त्या आवृत्तीच्या जुन्या छायाचित्रांवरून आलेल्या असतात. तेव्हा एका प्रतिमेतून रंग आणि दुसरीतून तपशील असे करू नका, दोन वेगवेगळी चित्रे एकत्र कालवाल. (बर्लिनच्या त्याच आवृत्तीवर १९७६ मध्येही हात पडला होता : उलाय या कलाकाराने ती संग्रहालयातून उचलून एका तुर्की स्थलांतरित कुटुंबाच्या घरात टांगली आणि मग स्वतःच कळवले. ती चोरी मात्र कलाकृती म्हणून केलेली होती.)

रंग पारखायची सोपी युक्ती : उशी-पांघरूण आणि खिडकीबाहेरचा बर्फ पाहा. दोन्ही पांढरे, पण एक आतल्या उजेडातले, एक बाहेरचे. प्रतिमेत दोन्ही सारखेच चहा सांडल्यासारखे दिसत असतील तर तो पिवळेपणा रोगणाचा किंवा छपाईचा आहे. तो उतरवायचा नाही. दोन पांढऱ्यांत ऊब-गारव्याचा फरक दिसतो ती प्रतिमा घ्या. तुमच्या प्रतीतही हा फरक राहिला तर तपकिरी थोडा इकडे-तिकडे झालेला कुणाला खुपणार नाही. ऊबदार तपकिरी 'येतो' तो शेजारच्या थंड राखाडीमुळे. भिंतीत जागोजागी निळसर राखाडी ठेवा, नाहीतर सगळे चित्र गुळाच्या पाकात बुडवल्यासारखे होईल.

दर दोन बैठकींनी प्रतीचा फोटो काढून कृष्णधवल करा आणि मूळ प्रतिमा कृष्णधवल करून शेजारी ठेवा. रंगात चूक दिसत असेल तर दहांतल्या आठ वेळा ती टोनची निघते.

---

बेर्बलिंगची_वाट

लाइबलबद्दल, कारण तुमच्या 'तपकिरी'च्या प्रश्नाला त्याचे उत्तर अगदी उलट आहे.

विल्हेल्म लाइबल (१८४४–१९००) कोलोनचा, शिक्षण म्युनिकला. १८६९ च्या म्युनिकच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्याची गाठ फ्रेंच वास्तववादी चित्रकार कूर्बेशी पडली आणि त्यानंतर तो काही काळ पॅरिसला गेला. पुढे शहर सोडून बव्हेरियातल्या खेड्यांत राहिला. 'चर्चमधील तीन स्त्रिया' हे त्याचे सर्वांत नावाजलेले चित्र बाट आइब्लिंगजवळच्या बेर्बलिंगच्या चर्चमध्येच बसून १८७८ ते १८८२ या काळात केलेले. लाकडी फळीवर, ११३ × ७७ सेंमी, आता हँबर्गच्या कुन्स्टहालेमध्ये आहे.

त्याची रीत : खालचा अंबरचा थर नाही, वरून तपकिरी लेप नाही. एका जागेपासून सुरू करायचे, तेवढा तुकडा ओल्यात ओला रंग मिसळत पुरा करायचा, मग शेजारचा तुकडा. चुकले तर दुरुस्ती नाही, तो भाग खरवडून पुन्हा. गडद भागही थेट हव्या त्या रंगात मिसळून लावलेला. त्यामुळे त्याच्या काळ्या कापडात निळा-जांभळा-तपकिरी असे वेगवेगळे काळे दिसतात, एकच सॉस नाही.

याची किंमतही आहे. सबंध आकृती आधी बांधलेली नसल्यामुळे एकेक तुकडा अचूक असूनही जोडणी बिघडू शकते. लाइबल मॉडेलच्या अगदी जवळ बसायचा, म्हणून पुढचे हात मोठे होतात. 'चोरटे शिकारी' या मोठ्या चित्रावर अशीच टीका झाली तेव्हा त्याने ते कापून तुकडे केले. त्यातले काही तुकडे बर्लिनमध्ये आहेत आणि तुकडे म्हणून उत्कृष्ट आहेत!

म्हणून 'तीन स्त्रिया' पूर्ण घेऊ नका. वृद्धेचे हात आणि प्रार्थनापुस्तक एवढाच भाग, २० × २० सेंमी, गुळगुळीत प्राइम केलेल्या फळीवर. एका बैठकीत आगपेटीएवढी जागा, त्याहून जास्त नाही. रंग दोन दिवस ओला ठेवायचा तर अक्रोडाएवढ्या रंगाच्या गोळ्यात लवंगेच्या तेलाचा एक थेंब. दोन थेंब घातलेत तर आठवडाभर वाळणार नाही आणि थर कमकुवत होईल. तुकड्याची कड कधीही आकाराच्या मध्यावर सोडू नका. बोटाची कड, बाहीची कड, पुस्तकाची कड अशा ठिकाणी थांबा. दुसऱ्या दिवशीचा रंग वाळलेल्या कडेला चिकटतो आणि शिवण दिसते, ती आकाराच्या सीमेवर असेल तर लपते.

मेंत्सेलचे 'लोखंड लाटणारा कारखाना' (१८७२–७५) घेणार असाल तर नको. १५८ × २५४ सेंमी, डझनावारी माणसे आणि तीन प्रकारचा उजेड. त्यासाठी तो वरच्या सायलेशियातल्या क्योनिग्सह्युटेला जाऊन शंभराहून जास्त रेखाचित्रे करून आला होता. उजव्या कोपऱ्यात डबा खाणारे कामगार, डावीकडे अंग धुणारे, मध्ये लाल तापलेले लोखंड. त्यातला फक्त जेवणाचा कोपरा कोळशात उतरवा, पुष्कळ शिकाल. मेंत्सेल स्वतः सुताराची जाड पेन्सिल वापरून बोटाने पुसत असे. बारीक टोकाने हे जमत नाही.

---

टाचणी

+१. पण नवशिक्याला लाइबलचा हातसुद्धा जड जाईल. मधला रस्ता केरस्टिंग.

गेओर्ग फ्रीडरिश केरस्टिंग (१७८५–१८४७), ड्रेस्डेनचा, पुढे माइसेनच्या पोर्सेलिन कारखान्यात चित्रविभागाचा प्रमुख. त्याच्या चित्रांत एक खोली, एक खिडकी, एक माणूस. 'भरतकाम करणारी' या चित्रात बाई पाठमोरी बसलेली, चेहरा फक्त आरशात दिसतो. मॉडेल लुइझ झाइडलर, ती स्वतः चित्रकार. त्वचेचे काम जवळजवळ नाही, परिप्रेक्ष्य सरळ, सावल्या हिरवट-राखाडी आणि पारदर्शक. जमिनीच्या फळ्यांच्या रेषा वाढवून एका बिंदूत मिळतात का ते आधी पाहा. तो बिंदू कागदावर सापडला की निम्मे चित्र झाले.

आणि त्याचे 'कास्पार डाविड फ्रीडरिश कार्यशाळेत' (१८११, हँबर्ग) प्रत करायला नाही तरी बघायला घ्या. खिडकीचा खालचा भाग फळीने बंद केलेला आहे, उजेड फक्त वरून येतो. हात टेकवायला काठी. घरी रंगवणाऱ्यांनी हेच करावे : खिडकीचा खालचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाका. ओल्या कॅनव्हासवर जमिनीवरून परावर्तित होणारी चमक थांबते आणि सावल्यांचे टोन खरे दिसू लागतात.

---

मागचा_बाक

सगळे उपयुक्त आहे. तरी एक टोचणी. 'जर्मन रोजच्या जीवनाची चित्रे' म्हटले की छत्रीवाला कवी, पुस्तकी किडा, दारू पिणारे साधू एवढेच आपल्यापर्यंत पोचते, कारण तेच छापले गेले. ड्युसेलडॉर्फमध्ये १८४४ साली कार्ल विल्हेल्म ह्युब्नरने 'सायलेशियातले विणकर' रंगवले : मालक कापडाचा नग नापास करून हटवतो आहे, त्या घरातली बाई कोसळली आहे. त्याच वर्षी जूनमध्ये विणकरांचा उठाव झाला. एंगेल्सने या चित्राबद्दल लिहिले, कित्येक पत्रकांपेक्षा याचा परिणाम जास्त अशा आशयाचे. हाझेनक्लेवरचे १८४८ च्या क्रांतीच्या सुमाराचे 'कामगार नगरपरिषदेपुढे' हे दुसरे. गरिबीची गंमत करणारे चित्र शिकताना गरिबीचा हिशेब मांडणारे चित्रही शेजारी ठेवावे. तंत्रासाठीसुद्धा : ह्युब्नरच्या चित्रात नाकारलेले ते पांढरे कापड हाच उजेडाचा केंद्रबिंदू. श्पिट्सवेगच्या उशीचे तेच काम आहे.

---

टाचणी

@मागचा_बाक, टोचणी मान्य, पण श्पिट्सवेगला गंमतीदार म्हणून बाजूला काढणे मला पटत नाही. थंड शेगडीत स्वतःचे लिखाण जाळणारा माणूस हाही हिशेबच आहे. फक्त त्यात मालक दिसत नाही.

---

गिरगाव_लिथो

'तेच छापले गेले' यावर थोडे, कारण इथे आपला संबंध येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही चित्रे जर्मन घरांत पोचली ती लाकडी ठशांवरच्या मासिकांतून (लाइपझिगचे 'गार्टनलाउबे' १८५३ पासून) आणि रंगीत शिळाछापांतून. ओलिओग्राफ म्हणजे तोच शिळाछाप, पण वर रोगण आणि कॅनव्हासचा पोत दाबून उठवलेला, तैलचित्र वाटावे म्हणून. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला तो याच जर्मन यंत्रांवर आणि जर्मन तंत्रज्ञांच्या भरवशावर, आणि पुढे तो त्यांच्यापैकीच फ्रिट्झ श्लायशर यांनी विकत घेतला. तेव्हा तो मळवलीला होता.

जुन्या वाड्यातून असले एखादे युरोपीय घरगुती दृश्य निघाले तर दहापट भिंगाने पाहा. ओलिओग्राफमध्ये वेगवेगळ्या रंगांचे अनियमित कण किंवा टिंबे एकमेकांवर दिसतात. आधुनिक छपाईत टिंबे एकसारखी, फुलाच्या नक्षीत बसलेली. तैलचित्रात टिंबे नाहीतच. आणि तिरपा उजेड टाका : पोत सगळीकडे एकसारखा असेल, चेहऱ्यावर आणि आकाशात तोच, ब्रशच्या वळणाशी त्याचे काही नाते नसेल, तर तो दाबलेला आहे. ओल्या फडक्याने पुसू नका. खाली कागद असतो, रोगणाच्या भेगांतून पाणी शिरले की फुगतो.

प्रत करणाऱ्यांना ओलिओग्राफ संदर्भ म्हणून अजिबात घेऊ नका, असे मात्र म्हणणार नाही. शिळाछाप करणाऱ्याला चित्र दहा-बारा-पंधरा सपाट रंगांत फोडावे लागे. जवसतेल यांनी सांगितलेले पाच टोन कसे निवडायचे याचा तो उत्तम धडा आहे.

---

अर्धी_खिडकी

'गरीब कवी'च चालू ठेवतो, पण आधी शेगडी-हॅटचा कोपरा वेगळ्या छोट्या फळीवर. शेवटचा प्रश्न : रोगण कधी? आणि मट्ट पडलेल्या जागा मध्येच दुरुस्त करता येतात का?

---

जवसतेल

मट्ट जागा : थर हाताला कोरडा लागला की जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन समभाग, सुती फडक्याच्या टोकाला जेमतेम ओलावा, त्या जागेवर घासा आणि दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्या. रंगाचा खरा टोन वर येतो. त्यावर त्याच दिवशी काम करा. न पुसता तसेच सोडले तर ती तेलाची साय पिवळी पडते.

शेवटचे रोगण सहा महिन्यांनी, तेही कोरड्या हवेत. कोकणपट्टीत आणि मुंबईत जून ते सप्टेंबर रोगण लावू नका, दमटपणाने निळसर धुके धरते. पावसाळ्यात सुती कॅनव्हासच्या मागे बुरशी येते, म्हणून चित्र भिंतीला टेकवू नका, वरखाली बुचाचे तुकडे लावून बोटभर अंतर ठेवा. श्पिट्सवेग सिगारच्या पेट्यांच्या फळ्यांवरही रंगवत असे. आपल्या हवेत छोट्या प्रतीला फळीच बरी, फक्त मागच्या बाजूलाही प्रायमरचे तितकेच हात द्या, नाहीतर ती धनुष्यासारखी वाकते.

जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून डब्यात टाकू नका. वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून, किंवा उघड्यावर सपाट पसरून वाळवून मगच टाका.

---

राळ_आणि_रोगण

आणि ते चौकटीतले 'एस' उतरवू नका. श्पिट्सवेगच्या नकला बाजारात भरपूर फिरल्या आहेत. मागे कॅनव्हासवर न पुसणाऱ्या शाईने 'कार्ल श्पिट्सवेगवरून अभ्यासप्रत', तुमचे नाव आणि साल. चौकटीवर नाही, कापडावरच. चौकट बदलता येते.